पिकअपचा मागचा एक्सल ओळखायचा कसा आणि त्याचं गिअर ऑइल बदलायचं कसं

मागच्या एक्सलमध्ये ऑइल किती उरलंय हे बघायला डिपस्टिक नसते. ते कमी झालं म्हणून डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. इंजिन ऑइल बदलायला गाडी लावली तर गॅरेजवाला डिफरन्शियलला, म्हणजे एक्सलच्या मधल्या फुगीर भागातल्या गिअरना, हात लावेलच याची खात्री नाही. त्यामुळे बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, सुपर कॅरी अशा गाड्या वर्षानुवर्षं भाजीपाला, खत, सिमेंट ओढत राहतात आणि एक्सलमध्ये कंपनीतून भरून आलेलंच ऑइल फिरत असतं. मागून हूऽऽ असा आवाज यायला लागतो तोवर क्राउन-पिनियनच्या (आतल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीच्या) दातांवरचा कठीण थर गेलेला असतो. मग ऑइल बदलून आवाज थांबत नाही आणि खर्च काही हजारांवर जातो.

काम तसं अवघड नाही. घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक्सल कुठल्या प्रकारचा आहे हे न बघता दुकानातून ऑइल आणलं जातं, आणि भरायचा प्लग निघतोय का हे न तपासता आधी ड्रेन प्लग सोडला जातो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर उरलेलं काम म्हणजे हात काळे करण्याची तयारी.

याला साधं ऑइल का चालत नाही

गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो आणि पिनियन क्राउनला. इथे फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. क्राउनच्या आतल्या पिंजऱ्यात स्टार आणि सन गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, तेवढी मोकळीक ते देतात.

पिकअपच्या एक्सलमध्ये पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यरेषेवर बसवलेला नसतो. तो थोडा खाली सरकवलेला असतो. अशा जोडीला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे पिनियन मोठा आणि दणकट करता येतो आणि प्रॉपेलर शाफ्टही खाली राहतो. पण याची किंमत दात मोजतात. ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात. लोड भरून घाट चढताना दातांमधला दाब इतका वाढतो की ऑइलचा थर पिळून बाहेर पडतो आणि लोखंडाला लोखंड टेकायची वेळ येते. तेव्हा कामाला येतात ऑइलमधली गंधक आणि फॉस्फरसची संयुगं. घर्षणाच्या उष्णतेने ती दाताच्या पृष्ठभागावर एक पातळ थर धरतात, आणि दाताऐवजी तो थर झिजतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास याच गंधकाचा.

डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं ते या संयुगांच्या ताकदीबद्दल. हायपॉइड एक्सलला जीएल-५ लागतं. बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण त्यांच्या आतल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा जीएल-५ ने लवकर झिजू शकतात. म्हणून एकच कॅन आणून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हीत ओतायची सवय धोक्याची आहे. दुकानात ‘नव्वद नंबर द्या’ म्हटलं की समोर येणारा डबा जीएल-४ चाही असू शकतो. पुढे मोठ्या अक्षरात ‘ईपी ९०’ छापलंय एवढ्यावर समाधान मानू नका. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे जीएल-५ दिसलं तरच घ्या.

कागद आधी, मग गाडीखाली

ओळखीची पहिली पायरी म्हणजे गाडीचं पुस्तक. त्यात एक्सलचं ऑइल, ग्रेड आणि क्षमता दिलेली असते. पण एकाच नावाची पिकअप वेगवेगळ्या वजनक्षमतेत आणि वेगवेगळ्या वर्षांत वेगळ्या एक्सलने आलेली असू शकते. जुन्या गाडीत तर आधीच्या मालकाने स्क्रॅपमधून आणलेला एक्सल बसवलेला असण्याचीही शक्यता असते. म्हणून पुस्तक वाचून झाल्यावर बॅटरी घेऊन गाडीखाली जायचंच.

सगळ्यात आधी बघायचा तो मधल्या फुगीर भागाचा आकार. तिथे दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं बँजोचं. यात एका नळीपासून दुसऱ्या नळीपर्यंत हाउसिंग (बाहेरचं कवच) सलग असतं. मागची बाजू गोल आणि बंद, तिथे उघडायला बोल्ट नाहीत. क्राउन-पिनियनचा अख्खा गोळा पुढच्या बाजूने, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या अंगाने, बोल्ट किंवा नटांच्या वर्तुळावर बसवलेला असतो. टोयोटा हायलक्स, मारुती जिप्सी आणि फोर्डचा जुना नऊ इंची एक्सल या जातीचे. याचा फायदा म्हणजे ऑइल बदलायला काही खोलावं लागत नाही. खाली ड्रेन प्लग, मध्यावर फिलर प्लग, संपलं.

दुसरं घराणं सॅलिसबरीचं. मधला भाग ओतीव लोखंडाचा, त्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या दाबून बसवलेल्या, आणि मागे बोल्टांनी आवळलेलं पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं झाकण. अमेरिकन पिकअपमध्ये हेच सर्रास दिसतं. विलीसच्या सीजे-३बी जीपच्या मागे असलेला डाना ४४ याच घराण्यातला, झाकणाला १० बोल्ट. या जातीत अनेकदा ड्रेन प्लग दिलेलाच नसतो. ऑइल काढायचं तर झाकण खोलावं लागतं.

अमेरिकेत पिकअप वापरणाऱ्या मराठी वाचकांना झाकणाचे बोल्ट मोजून बरंच कळेल. फोर्ड एफ-१५० मध्ये ८.८ इंची एक्सलच्या झाकणाला १० बोल्ट असतात आणि ९.७५ इंचीला १२. क्रायस्लरच्या ८.२५ ला १० आणि ९.२५ ला १२. जनरल मोटर्सच्या एक्सलना तर लोक बोल्टांच्या संख्येवरूनच नावं देतात: टेन-बोल्ट, ट्वेल्व्ह-बोल्ट, फोर्टीन-बोल्ट. हे इंच म्हणजे क्राउनचा व्यास. नुसत्या बोल्टांवर मात्र थांबू नका. डाना ४४ आणि डाना ६० दोघांनाही १० बोल्टच असतात, पण क्राउन साडेआठ आणि पावणेदहा इंचांचे. फोर्डच्या झाकणाच्या एका बोल्टखाली बहुधा पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली असते. तिच्यावर ‘३ ७३’ असेल तर रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे फेरे) ३.७३ आणि साधं डिफरन्शियल. मधल्या जागी एल असेल, म्हणजे ‘३एल७३’, तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळं घसरू न देणारं. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमध्ये ग्लोव्ह बॉक्समधल्या लेबलवर कोड शोधा. जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०, आणि जी८० असेल तर लॉकिंग डिफरन्शियल.

आता चाकाकडे या. चाकाच्या मध्यभागातून हबचं जाड टोक बाहेर आलंय आणि त्यावर छोट्या बोल्टांचं स्वतंत्र वर्तुळ दिसतंय, तर एक्सल फुल फ्लोटिंग आहे. टाटा ४०७ आणि त्यावरच्या ट्रकांचं चाक डोळ्यांसमोर आणा. यात गाडीचं वजन हब आणि नळी पेलतात, आतला शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. तो चाक न काढता बाहेर ओढता येतो. असं टोक नसेल आणि चाकाचे नट थेट शाफ्टच्याच फ्लँजवर बसत असतील, तर एक्सल सेमी फ्लोटिंग. तिथे वजन आणि जोर दोन्ही शाफ्टवर. ऑइल बदलण्याच्या पद्धतीत यामुळे फरक पडत नाही, पण हबच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं तर कुठलं सील मागायचं हे यावर ठरतं.

रेशो हाताने मोजायचा

क्राउन-पिनियन बदलायची वेळ आली तर दुकानात दातांचे आकडे विचारतात: दहा-एकेचाळीस, नऊ-सदतीस. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०, ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा रेशो जुळावाच लागतो, नाहीतर फोर व्हील ड्राइव्ह टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडतात.

न खोलता तो असा मोजतात. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की तो गाडी धरत नाही. आणि ही चाचणी करताना तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणजे गाडीला थांबवणारं पुढच्या ठोकळ्यांशिवाय काहीही नसतं. फोर बाय फोर असेल तर टू व्हीलमध्ये ठेवा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि एक्सलच्या नळीखाली घोडी (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा. एकाने उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. शाफ्ट चार फेऱ्यांपेक्षा जरासा जास्त फिरला तर रेशो ४.१ च्या आसपास. दोन फेरे का, तर एक चाक जमिनीवर अडकलेलं असताना क्राउन उचललेल्या चाकाच्या निम्म्याच गतीने फिरतो. नेमका आकडा हवा असेल तर चाक २० फेरे फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्यांना १० ने भागा.

डिफरन्शियल साधं आहे का लिमिटेड स्लिप, हे बघायला दोन्ही चाकं उचलून एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेला फिरलं तर साधं. त्याच दिशेला फिरलं तर क्लचवालं लिमिटेड स्लिप किंवा कायम जोडलेलं. थारसारख्या गाड्यांत येणारं यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल मात्र या परीक्षेत साधंच वाटतं. ते दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडल्यावरच अडकतं, आणि हाताने तेवढा वेग येत नाही. हायलक्ससारख्या इलेक्ट्रॉनिक लॉकवाल्या गाडीत डॅशबोर्डवरचं बटणच सगळं सांगतं.

ही ओळख ऑइलसाठी महत्त्वाची आहे. क्लचवाल्या लिमिटेड स्लिपला जीएल-५ सोबत फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे क्लचच्या चकत्या सहज घसरू देणारं द्रव्य, लागतो. अमेरिकन एक्सलमध्ये तो साधारण १२० मिली टाकतात, किंवा आधीच मिसळलेलं ऑइल मिळतं. तो विसरला तर पार्किंगमध्ये हळू वळताना मागून गुरगुर आणि बारीक धक्के जाणवतात, कारण क्लचच्या चकत्या घसरण्याऐवजी अडकत-सुटत राहतात. साध्या डिफरन्शियलला त्याची गरज नाही, आणि यांत्रिक लॉकरमध्ये पुस्तकात लिहिलं असेल तरच टाका.

कुठला नंबर, किती लिटर

बहुतेक पिकअपना ८०डब्ल्यू-९० जीएल-५ सांगितलेलं असतं, काहींना ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, आणि जड लोड-गरम हवामानासाठी काही पुस्तकं ८५डब्ल्यू-१४० ला परवानगी देतात. दुसरा आकडा ऑइल तापल्यावरचा घट्टपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचं ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (घट्टपणाचं माप) असतं, १४० नंबरचं २४ ते ३२.५. हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघू नका, दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० नंबरचं गिअर ऑइल तापल्यावर जवळपास ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच घट्ट असतं.

डिफरन्शियल आवाज करायला लागलं की त्यात १४० नंबर ओतायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. जाड ऑइलने आवाज थोडा दबतो, म्हणून ती टिकून आहे. झिजलेला दात मात्र झिजतच राहतो, आणि थंड सकाळी ते ऑइल पुढच्या बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. गाडी विकणाऱ्याच्या ती सोयीची आहे, चालवणाऱ्याच्या नाही.

क्षमता पुस्तकातूनच घ्या. अंदाजच हवा असेल तर लहान मिनी ट्रकना साधारण सव्वा ते दीड लिटर, मध्यम पिकअपना दोन ते अडीच, आणि मोठ्या अमेरिकन एक्सलना तीनच्या पुढे. जुनं ऑइल मोजून तेवढंच भरायचं हा हिशोब चुकतो. ते आधीच कमी झालेलं असेल तर नवीनही कमीच पडेल. अर्धा लिटर जास्तच आणा.

प्रत्यक्ष काम

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाशी बसलेला कचरा घेऊन बाहेर येतं. पिकअप जमिनीपासून बरीच उंच असते, त्यामुळे रिकाम्या गाडीखाली जॅक न लावताही हात पोचतो. सपाट जागा किंवा गॅरेजचा खड्डा मिळाला तर फारच छान. फक्त मागचीच बाजू उचलून ऑइल भरलं तर एक्सल तिरका होतो आणि पातळी चुकीची दिसते.

तारेच्या ब्रशने दोन्ही प्लगांभोवतीची माती खरवडून काढा. प्लग काढल्यावर ती वाळू आत पडली तर पुढची सगळी मेहनत उलटी लागते. मग आधी फिलर प्लग सोडा. हाच या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. ड्रेन प्लग सोडून ऑइल खाली गेलं आणि मग फिलर प्लग गंजून जाम झालेला निघाला, तर गाडी तिथेच उभी राहते. जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पान्हा नीट बसवून हातोडीने पान्ह्याच्या मुठीवर छोटे ठोके द्या. षटकोनी डोक्याला बहुधा २४ मिमीचा सॉकेट लागतो. चौकोनी खोबण असेल तर अर्धा इंची किंवा तीन अष्टमांश इंची रॅचेटचा चौकोन थेट बसतो. ॲलन प्रकारात १० मिमी किंवा त्याहून मोठी चावी. खोबणीत सुकलेला चिखल टोच्याने कोरून काढल्याशिवाय चावी पूर्ण आत जात नाही, आणि अर्धवट बसलेली चावी खोबण गोल करते. बऱ्याच बिघडलेल्या प्लगांचं कारण एवढंच असतं.

फिलर निघाल्यावर खाली पाच लिटरचं भांडं ठेवून ड्रेन प्लग सोडा. धार संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या.

ड्रेन प्लग नसलेल्या झाकणवाल्या एक्सलमध्ये सगळे बोल्ट ढिले करा, पण वरचे दोन काही आट्यांवर अडकलेले ठेवा. मग झाकणाच्या खालच्या कडेत पट्टी घालून ते सोडवा. ऑइल खालून भांड्यात पडतं, अंगावर येत नाही. नंतर झाकण काढून दात, बेअरिंग सगळं डोळ्यांनी बघता येतं, आणि ही या घराण्याची खरी जमेची बाजू. दोन्ही कडांवरचं जुनं सीलंट प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने काढा, ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. नवीन सिलिकॉन सीलंटची तीन-चार मिमी जाड सलग रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. जास्त लावलं तर जास्त पक्कं बसेल असं वाटतं, पण आत पिळून निघालेला सिलिकॉनचा तुकडा सुटून ऑइल जायच्या वाटेत अडकतो. बोल्ट समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळा, शेवटी साधारण ४० न्यूटन-मीटर. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ दिल्यावरच ऑइल भरा.

आत डिझेल किंवा रॉकेल ओतून धुवायचा मोह टाळा. ते बेअरिंगच्या खोबणींत आणि नळ्यांमध्ये साचून राहतं आणि नव्या ऑइलची ताकद पहिल्या दिवशीच कमी करतं. आतून पुसायचं असेल तर धागे न सुटणारं फडकं पुरे.

ड्रेन प्लगच्या आट्या बघून घ्या. सरळ आट्यांच्या प्लगला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वॉशर असते, ती नवी टाका. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसते, तिथे आट्यांवर सीलंट लावतात. सरळ प्लगवर टेप गुंडाळून वॉशर वाचवायला गेलात तर गळती ठरलेलीच. वॉशरवाल्या प्लगचा पुस्तकातला टॉर्क बहुधा ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. लांब पाइप लावून आवळू नका, हाउसिंगच्या आट्या गेल्या तर दुरुस्ती महाग पडते.

भरण्यासाठी हाताने दाबायचा ऑइल पंप सोयीचा. तो नसेल तर मीटरभर पारदर्शक पाइपला फनेल लावून वरच्या बाजूने, चाकाच्या कमानीतून सोडता येतं. थंडीत डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला की ऑइल भराभर उतरतं. फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळायला लागलं की थांबा. पाच मिनिटं थांबून, ऑइल नळ्यांमध्ये पसरल्यावर, पुन्हा थोडं भरा. पातळी भोकाच्या खालच्या कडेला टेकली पाहिजे. काही एक्सलना ती कडेच्या काही मिलिमीटर खाली ठेवायला सांगतात, तिथे वाकवलेल्या तारेने मोजा.

पातळीचा एवढा आग्रह का, ते आतल्या रचनेवरून समजतं. ऑइल पंप नसतो. फिरता क्राउन तळातून ऑइल उचलून वर भिरकावतो आणि हाउसिंगमधल्या वाटेने ते पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. पातळी घसरली की सगळ्यात आधी तेच बेअरिंग कोरडं पडतं. उलट जास्त भरलं तर ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं आणि नळ्यांतून चाकाकडच्या सीलवर चढतं. सेमी फ्लोटिंग एक्सलमध्ये ते थेट ब्रेकच्या लायनरवर जातं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ऑइल प्यायलेला लायनर पुसून, जाळून परत वापरू नका. सील आणि दोन्ही चाकांचे लायनर बदलणं हाच उपाय.

जुनं ऑइल काय सांगतं

भांडं उन्हात नेऊन बघा. काळसर-तपकिरी रंग आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ गाळ, हे सामान्य आहे. बोटांत चोळून टोचत नसेल तर काळजी नको. चकचकीत पापुद्रे निघाले तर बेअरिंग किंवा दातांचा थर सुटतोय. दाताचा तुकडा निघाला तर गाडी चालवू नका, झाकण किंवा गोळा खोलून बघा. जळका, तिखट वास आणि पाण्यासारखं पातळ ऑइल म्हणजे लोड आणि उष्णता दोन्ही मर्यादेबाहेर गेलेत.

ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात साकवावरून किंवा नदीच्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली की हे होतं. एक्सल तापलेला असतो, थंड पाण्यात तो एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. अशा वेळी एकदा बदलून भागत नाही. नवीन ऑइल भरून तीस-चाळीस किलोमीटर चालवा आणि तेही काढून टाका, कारण कोपऱ्यांत चिकटलेलं पाणी पहिल्या फेरीत निघत नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी तशीच आठवडाभर ठेवली तर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे डाग पडतात, आणि ते बेअरिंग नंतर कितीही चांगल्या ऑइलने सुधारत नाही.

ब्रीदर म्हणजे एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला असलेली छोटी टोपी किंवा रबरी नळी. आतली तापलेली हवा तिथून बाहेर जाते. ती चिखलाने बंद झाली की आत दाब वाढतो आणि ऑइल पिनियनच्या सीलमधून वाट काढतं. पिनियन सील वारंवार गळत असेल तर नवीन सील आणण्याआधी ब्रीदर साफ करून बघा. टोपी बोटाने फिरली आणि वरखाली हलली पाहिजे. कोकणात किंवा नदीकाठच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक चेसिसच्या वर, बॉडीच्या तळाजवळ बांधून ठेवणं हा स्वस्त आणि पक्का इलाज आहे.

सील बदलताना पिनियनचा मोठा नट सोडावा लागतो, आणि इथे चांगल्या गॅरेजांतही चूक होते. बऱ्याच एक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दाबली जाणारी एक बाही असते, क्रश स्लीव्ह. नट किती आवळला यावर बेअरिंगांवरचा ताण ठरतो. जोर लावून जास्त आवळला तर ती आणखी दाबली जाते आणि परत फुगत नाही. बेअरिंग तापून काही महिन्यांत जातं. म्हणून नट सोडण्याआधी नट आणि शाफ्टवर जुळती खूण करा, आट्या मोजा आणि त्याच खुणेवर परत आणा. जमत नसेल तर नवी स्लीव्ह टाकून पिनियन फिरवायला लागणारा जोर मोजणाऱ्या माणसाकडेच हे काम द्या.

आवाजावरूनही थोडं कळतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर बदलणारी हूऽऽ बहुधा क्राउन-पिनियनची. वेग वाढेल तशी वाढणारी पण ॲक्सिलरेटरने न बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची, आणि गाडी डावी-उजवीकडे झुकवल्यावर ती कमीजास्त होते. गिअर टाकताना किंवा उचलताना येणारा एकच ठक्क आवाज आधी प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये शोधा, डिफरन्शियल उगाच खोलू नका.

किती दिवसांनी

पुस्तकं साधारण ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा देतात. रोज पूर्ण लोड, घाट, ट्रॉली ओढणं किंवा पाण्यातून जाणं असेल तर त्याच्या निम्मं धरा. दर इंजिन ऑइलच्या वेळी फिलर प्लग काढून करंगळीने पातळी तपासणं हे पाच मिनिटांचं काम आहे. क्राउन-पिनियनची नवी जोडी टाकली असेल तर पहिले दोन-तीन फेरे पंधरा-वीस मिनिटांचे, बिनलोडाचे ठेवा, मध्ये एक्सल गार होऊ द्या, आणि सुमारे ८०० किलोमीटरला पहिलं ऑइल काढून टाका. नवे दात एकमेकांवर बसताना सुटलेला धातूचा कीस त्यातच असतो.

काढलेलं जळकं ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, आणि वाळवीसाठी दारा-खिडक्यांना फासायलाही देऊ नका. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पाणी किंवा कूलंट न मिसळता, जुनं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. भरून झाल्यावर दोन दिवसांनी, गाडी रात्रभर उभी असताना, दोन्ही प्लग, झाकणाची कड आणि पिनियनच्या तोंडावर कोरड्या फडक्याने पुसून बघा. फडकं ओलं निघालं तर तेव्हाच प्लग पुन्हा आवळा किंवा वॉशर बदला.